एकाच वडिलांच्या अनेक हरकती

मी भित्रा आहे असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. "तो जपून असतो," असं आई सांगते आणि "यांना काळजी फार," असं बायको सांगते. दोघींचा अर्थ एकच, पण माझी अब्रू तेवढी शाबूत राहते. बाहेर पडताना मी कुलूप ओढून पाहतो, जिना उतरतो, पुन्हा वर येतो आणि कुलूप पुन्हा ओढून पाहतो. पोस्टमनने दाराशी सही मागितली तरी माझ्या छातीत धडधडायला लागतं. अशा माणसाच्या हातून एका सरकारी कायद्याला जाहीर विरोध झाला, तोही भरल्या सभागृहात आणि स्वतःच्या साहेबांदेखत. कसा झाला ते सांगतो. बढाई म्हणून नाही, खुलासा म्हणून.

त्या दिवशी मी दाढी करत होतो आणि बेल वाजली. बेल वाजली की मी आधी दाराच्या भोकातून पाहतो. भोकात कायदेकाकांचं नाक दिसलं. कायदेकाका म्हणजे आमचे शेजारी, त्यांची भिंत आणि आमची भिंत एकच. नोकरीत असताना ते घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडायचे. निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्र वाचू लागले आणि त्यातून त्यांच्या अंगात कायदा शिरला. तेव्हापासून जिन्यात कोणी केळीचं साल टाकलं तरी ते कलम सांगतात.

"वाचलंत का?" म्हणत त्यांनी पेपर माझ्या फेसाळ तोंडासमोर धरला.

ऑनलाइन पायरसीविरुद्ध नवा कायदा येणार होता. मसुदा तयार होता आणि त्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. परवानगी नसलेला सिनेमा, गाणं, कार्यक्रम इंटरनेटवरून पाहिला किंवा ऐकला तर दंड आणि कनेक्शन बंद. तेच साठवून ठेवलं तर कैद. शिवाय घरात कोणीही हा उद्योग केला तरी कनेक्शन ज्याच्या नावावर, तो जबाबदार.

"कनेक्शन कोणाच्या नावावर आहे तुमच्याकडे?" काकांनी विचारलं.

"माझ्या."

"अरेरे," काका म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला गालावरचा फेस गार लागायला लागला.

"आणि साठवणं म्हणजे नेमकं काय हो?"

"जवळ ठेवणं. फोनमध्ये ठेवा, कॉम्प्युटरमध्ये ठेवा, कुठंही ठेवा. सरळ आत." हा 'आत' त्यांनी आवडीचा पदार्थ चाखावा तसा उच्चारला आणि ते पुढच्या दाराकडे गेले. मी अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीत बसलो.

आमच्या घरात रोज दुपारी काय गुन्हा घडायचा ते आता सांगायला हवं. आईला दिसत नाही. नजर हळूहळू अधू होत गेली आणि मग गेलीच. जेवण झालं की ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि एक जुनं नभोनाट्य ऐकते. माझे बाबा हिशेबनीस होते आणि त्यांना नाटकाची हौस होती. उभ्या आयुष्यात एकदाच त्यांना रेडिओवर काम मिळालं, घरमालकाचं. वाक्यं दोनच. "दार उघडंच आहे. या आत, पण पाय पुसून." त्यानंतर एक खोकला. खोकला नाटकात लिहिलेला नव्हता, तो बाबांचा स्वतःचा होता आणि काढून टाकायचा राहून गेला. रेडिओवाल्यांनी पुढे त्या टेपवर दुसरंच काही भरलं. बाबा गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसऱ्या कशातही नाही.

मग कुणा अनोळखी गृहस्थाने त्या काळी आपल्या घरी बसून ते नाटक रेडिओवरून टेप केलं होतं, असं निघालं. त्याने ते आपल्या संकेतस्थळावर चढवलं. परवानगी कोणाची घेतली नव्हती, आणि घ्यायची तरी कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हतं. बायकोने ते शोधून काढलं तेव्हापासून आईची दुपार मार्गी लागली. ती आवाज मोठा ठेवते आणि आमच्या भिंती पातळ आहेत. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि का केली नाही याचीही मला भीती वाटायची.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, कोणाकडून तरी ते उतरवून आपल्याजवळ ठेवा ना. उद्या ती साइटच बंद झाली तर?"

"उतरवणं म्हणजे साठवणं," मी म्हणालो. "ऐकलं तर दंड आहे. साठवलं तर आत."

"कायदा अजून आलेला नाही."

"मसुदा आलाय."

आईने तेवढं ऐकलं होतं. ती खुर्चीतूनच म्हणाली, "बंद होणारे का रे ते?"

"नाही गं," मी म्हणालो, आणि मला स्वतःच्या आवाजाचीच लाज वाटली.

दोन-तीन दिवसांत आमच्या इमारतीत असंतोष उसळला. गच्चीवर सभा भरली. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो, कारण तिथून जिना जवळ पडतो. सगळ्यांची भाषणं फार उदात्त झाली. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर विचारस्वातंत्र्यावर बोलले. त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत दिवसभर चोरून आणलेले मारामारीचे सिनेमे चालू असतात, म्हणजे आतल्या यंत्राचा आवाज बाहेरच्यांना ऐकू जात नाही. ज्ञान सर्वांचं आहे, असं ते म्हणाले. मागे एक फलक लावला होता आणि त्यावर वळलेल्या मुठीचं चित्र होतं. चित्र इंटरनेटवरून उचललेलं होतं, आणि ते विकणाऱ्या कंपनीचं नाव फिकट अक्षरांत मुठीवरून तिरकं गेलं होतं. ते पुसायला कोणाला जमलं नव्हतं. मी ते पाहिलं आणि टाकीच्या आणखी मागे सरकलो.

शेवटी कायदेकाकांनी जाहीर केलं की ओरडून उपयोग नाही, प्रत्येकाने लेखी हरकत द्यायला हवी. लेखी म्हटल्यावर उत्साह जरा ओसरला. मग सगळ्यांचं लक्ष टाकीकडे गेलं.

"तुम्ही सरकारी खात्यात आहात," डॉक्टर मला म्हणाले. "तुम्हाला ती भाषा येते."

मी नळजोडणी विभागात आहे. लोकांना नळ का मिळणार नाही याची पत्रं मी लिहितो, आणि ती चांगली लिहितो असं म्हणतात. पण त्याच दिवशी आमच्या साहेबांनी सगळ्यांना उभं करून बजावलं होतं की खात्यातल्या कोणीही या हरकतींच्या भानगडीत पडू नये, सरकारचं मीठ खाऊन सरकारविरुद्ध लिहिणाऱ्याची बदली कुठे होते ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. बोलताना ते माझ्याकडेच पाहत होते. तसे ते सगळ्यांकडेच पाहत होते, पण माझ्याकडे जास्त.

तरीही मी पत्र लिहिलं. पाठवायचं नव्हतं, नुसतं लिहायचं होतं. दार लावून बसलो आणि विचारस्वातंत्र्य वगैरे काही सुचेना, तेव्हा जे होतं तेच लिहिलं. माझ्या आईला दिसत नाही. माझ्या वडिलांचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला आहे. ते ठिकाण आपल्या व्याख्येनुसार चोरीचं आहे. ते विकत मिळत असतं तर मी विकत घेतलं असतं. ते कोणी विकत नाही, कारण माझ्या आईखेरीज ते कोणाला नको आहे. ते बंद केल्याने कोणाचा फायदा होणार आहे ते कृपया कळवावे. खाली घरमालकाची दोन वाक्यं लिहिली आणि कंसात 'खोकला' लिहिलं, कारण अर्ज पूर्ण असावा.

कलमांचे आकडे बरोबर आहेत का, एवढंच पाहायला मी तो कागद कायदेकाकांना दिला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि कागदाचा फोटो घेतला. "छोटी अक्षरं आहेत. मोठं करून वाचतो," म्हणाले. आकडे बरोबर असल्याचं सांगून त्यांनी कागद परत दिला. मी तो कपाटात चादरींच्या खाली ठेवला आणि कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना फोन उघडला, तर इमारतीच्या ग्रुपवर डॉक्टरांनी आपली हरकत टाकली होती. पहिलं वाक्य होतं, 'माझ्या आईला दिसत नाही.'

डॉक्टरांची आई चष्म्याशिवाय पेपर वाचते, आणि समोरच्या गल्लीत कोणी चुकीच्या जागी गाडी लावली तर तिसऱ्या मिनिटाला खाली उतरून भांडते. त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची हरकत होती. त्यांच्याही आईला दिसत नव्हतं. त्यांच्याही वडिलांनी घरमालकाचं काम केलं होतं. तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराचे वडील रोज सकाळी त्याच्याच दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतात, पण त्यांचाही आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता. सगळ्यांनी खोकला कंसात ठेवला होता.

मला राग आला. राग आला की मला भीती वाटते आणि भीती वाटली की आणखी राग येतो, त्यामुळे घरी पोचेपर्यंत मी अगदी घामाघूम झालो होतो. तसाच काकांकडे गेलो.

"काका, ते माझं पत्र आहे."

"तुमचंच आहे की. म्हणून तर सगळ्यांनी घेतलं. एक अक्षर बदललं नाही कोणी, तुमचा मान राखला."

"अहो पण मला विचारायचं तरी."

काका माझ्याकडे दयेने पाहायला लागले. "या कायद्याला विरोध करायचा आणि वर परवानग्या मागत बसायच्या?"

मी घरी आलो आणि तावातावाने बायकोला सांगितलं की हे लोक चोर आहेत, माझे वडील चोरले, असा कायदा हवाच. ती भाजी निवडत होती.

"सगळ्यांनी पत्र दिलं," ती म्हणाली. "ज्याचे वडील, त्यानेच दिलं नाही."

आई खुर्चीत होती. तिने चेहरा माझ्याकडे वळवला. तिला दिसत नाही हे मला माहीत आहे, पण त्या वेळी मी नजर खाली घातली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी ऑफिसातून निघालो, तोंडाला रुमाल बांधला आणि हरकती घेणाऱ्या कचेरीत गेलो. पेटीजवळचा शिपाई म्हणाला, "सर्दी झाली का?" मी मान हलवली. पत्र पेटीत टाकलं, पोचपावती घेतली आणि पाहतो तर त्यावर माझं नाव, पत्ता आणि सही, तिन्ही ठळक. मग रुमाल कशाला बांधला होता हे मला परत येताना रस्ताभर कळेना.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बेल वाजली की मी आधी आईचा कार्यक्रम बंद करायचो आणि मग भोकातून पाहायचो. दूधवाला, इस्त्रीवाला, एकदा चुकून आलेला कोणाचा तरी पाहुणा, सगळ्यांना मी तपासणी पथक समजलो. आई म्हणायची, "अरे, तुझे बाबा 'या आत' म्हणतात आणि तू नेमकं तेव्हाच बंद करतोस." ऑफिसात साहेबांनी हाक मारली की पुढचं मला नीट ऐकूच यायचं नाही. एकदा त्यांनी फक्त पंखा मोठा करायला सांगितलं, आणि मी पंखा बंद करून आलो.

मग पत्र आलं. 'आपली हरकत ही यापूर्वी प्राप्त झालेल्या हरकतींची शब्दशः नक्कल असल्याचे दिसून येते. सबब सुनावणीस उपस्थित राहून खुलासा करावा.' मी शेवटी दिलं होतं ना, त्यामुळे इतर सगळे अस्सल आणि मी नकलाकार. माझ्याच वडिलांची चोरी केल्याचा आरोप माझ्यावर होता, आणि तोही पायरसीच्या खात्याकडून. माझी पाचावर धारण बसली.

"मी येणार," आई म्हणाली.

"तू कशाला? गर्दी असते, जिने असतात."

"माझ्या नावाने इतकी माणसं काहीबाही सांगताहेत. मला ऐकू तरी दे."

सुनावणीचं सभागृह लांबट होतं. खुर्च्या ओळीने एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे एक माणूस हलला की अख्खी ओळ हलायची. आमची सगळी इमारत आली होती. इतर इमारतींतलेही पुष्कळ लोक होते, आणि त्यांच्या हातातल्या कागदांवर मला माझीच वाक्यं दिसत होती. पत्र फिरत फिरत कुठवर गेलं होतं कोण जाणे. मी आईला कडेच्या खुर्चीवर बसवलं, आणि मान वर केली. पुढच्या दाराजवळ आमचे साहेब उभे होते.

मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या. बदली कुठे होईल, आईला तिथे कसं न्यायचं, मुळात तिथे इंटरनेट असेल का, असं सगळं डोक्यात गरगरत होतं. जरा वेळाने हळूच मान वर केली तर साहेब दिसेनात. मग दिसले. ते पलीकडच्या रांगेत, दोन खुर्च्यांच्या मध्ये वाकून काहीतरी शोधत होते. आमची नजरानजर झाली. त्यांच्या हातात एक कागद होता आणि तो त्यांनी पाठीमागे लपवला. पण मी पहिली ओळ वाचली होती. त्यांच्याही आईला दिसत नव्हतं.

अधिकारी आले. थकलेला, सज्जन दिसणारा माणूस. त्यांनी पुढ्यातला गठ्ठा उघडला, एक पत्र वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही सगळे भावंडं आहात का?" त्यांनी माइकमधून विचारलं.

लोकांनी हातातले कागद घडी घालून खिशात टाकले.

"म्हणजे एवढ्या सगळ्यांचे वडील एकाच नाटकात, एकाच घरमालकाचं काम करत होते आणि एकाच जागी खोकले." त्यांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "नियम सरळ आहे. मूळ पत्र कोणाचं ते कळलं तर ती हरकत धरली जाईल. नाही कळलं तर हे सगळं बनावट म्हणून निकालात निघेल. मूळ हरकतदार कोण?"

मी खाली पाहिलं. ओळ थरथरत होती, आणि ती माझ्यामुळे थरथरत आहे हे मला कळत होतं. बसून राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. काका पुढे पाहत होते. डॉक्टर नखं पाहत होते. माझं नाव कोणी घेतलं नाही, एवढा तरी त्यांनी खरंच मान राखला. मग आईने माझा हात चाचपडून धरला. तिने ढकललं वगैरे नाही. धरला आणि सोडला. तिने हात सोडला तेव्हा मी उभा राहिलेला होतो.

"माझं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की शिपायाने माइक आणून दिला आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"तुमची हरकत तर सगळ्यात शेवटी आली आहे."

"मी घाबरलो होतो," मी सांगितलं. माइकमुळे ते सभागृहभर घुमलं. "मी नेहमीच घाबरतो. वडील माझे आहेत. आई ही."

"पुरावा?"

मी फोन काढला. सरकारी अधिकाऱ्यासमोर, सरकारी सभागृहात, माइक पुढे धरून मी बेकायदा नाटक लावायला निघालो होतो, हे बोट दाबल्यावर माझ्या लक्षात आलं. पण काही लागलंच नाही. पांढरा पडदा आला आणि गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मग 'हे पान उपलब्ध नाही' अशी अक्षरं आली. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच अक्षरं. तोपर्यंत मला साहेबांची, दंडाची, कैदेची भीती वाटत होती. ती सगळी एका झटक्यात गेली आणि एकच उरली, की आवाज गेला. माझ्याजवळ तो ठेवायला मी घाबरलो आणि आता तो कुठेच नाही, आणि हे मला शेजारी बसलेल्या आईला सांगायचं आहे.

"लागत नाहीये," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. तेवढ्यात मागून कोणीतरी घसा साफ केला.

"दार उघडंच आहे," कायदेकाका म्हणाले. उभे राहिले होते ते, आणि आवाज त्यांचा नव्हताच, अगदी खालच्या पट्टीतला होता. "या आत..."

"पण पाय पुसून," डॉक्टरांनी पुरं केलं.

आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खोकल्या. हुबेहूब. आधी एक कोरडा आणि मग अर्धवट दाबलेला. आमच्या अख्ख्या इमारतीला ते पाठ होतं. इतकी वर्षं रोज दुपारी बाबा भिंतीतून, जिन्यातून, खिडकीतून त्यांच्या घरांत जात होते आणि मला पत्ताच नव्हता.

अधिकारी आईकडे पाहत होते.

"बरोबर आहे का आजी?" त्यांनी विचारलं.

आई जरा वेळ मान तिरकी करून बसली. "खोकला बरोबर आहे," ती म्हणाली. "त्यांचा 'पण' जरा लांब होता."

सगळे हसले. अधिकारीही हसले आणि मग त्यांनी काहीतरी बराच वेळ लिहिलं. "नोंद घेतली," एवढंच म्हणाले. त्या नोंदीचं पुढे काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. कायदा होणार, होणार नाही, बदलून होणार, असं रोज वेगवेगळं छापून येतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "आपण काल तिथे नव्हतो."

"नव्हतो साहेब."

"दोघंही."

"दोघंही साहेब."

मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आई बऱ्या आहेत ना तुमच्या?" मी बऱ्या आहेत म्हटलं, आणि त्यांच्या आईंबद्दलही विचारलं. त्या सध्या सहलीला गेल्या होत्या.

साइट मात्र उघडली नाही. कायदा येण्याआधीच त्या अनोळखी गृहस्थाने घाबरून आपली दुकानदारी बंद केली असावी. मला त्याचा राग यायला हवा होता, पण येईना. मी त्याच्या जागी असतो तर केव्हाच बंद केली असती. घरी मी आईला सांगितलं की दुरुस्ती चालू आहे. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. ती जेवण झाल्यावर खुर्चीत बसायची आणि काही न लावता बसून राहायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खोटं बोलताना तुझा आवाज तुझ्या बाबांसारखा होतो. बोल अजून." मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

पुढचा दिवस सुट्टीचा होता. दुपारी बेल वाजली. बंद करायला काही नव्हतं तरी सवयीने माझा हात फोनकडे गेला. भोकातून पाहिलं. नाक होतं. मी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"तीन-चार दिवस झाले," काका कुजबुजले, "भिंतीतून आवाज येत नाहीये."

"बंद झालं काका ते."

"मला वाटलंच." त्यांनी जिन्यात खाली-वर पाहिलं आणि खिशातून फोन काढला. "मागे एकदा मी सहज हा भिंतीला लावून ठेवला होता. म्हटलं, असू द्यावं जवळ."

मला सगळी कलमं आठवली. हे उतरवणं होतं, साठवणं होतं, आणि आता माझ्या उंबरठ्यावर ते पुढे देणंही चाललं होतं. हा माणूस माझं पत्र चोरणारा, त्याने माझ्या घराच्या भिंतीतून माझे वडीलही चोरले होते. मी एका हाताने दार आणि एका हाताने साखळी धरून तसाच उभा राहिलो.

"कोण आहे रे?" आतून आईने विचारलं.

"काका आहेत."

"मग दारात काय उभं केलंयस त्यांना? दार उघडंच आहे म्हणावं. या आत."

मी साखळी काढली. काकांनी चपला बाहेर ठेवल्या, पायपुसण्यावर दोन्ही पाय नीट पुसले आणि आत आले. मी दार लावलं, कडी घातली, साखळी लावली आणि ती ओढून पाहिली. बायकोने खिडकी ओढून घेतली. काकांनी फोन आईच्या कानाशी धरला.

आधी नुसती खरखर आली. मग त्यांच्या कुकरची शिट्टी. मग काकू काकांना म्हणाल्या, 'ते भिंतीला काय चिकटवलंय?' आणि त्या सगळ्याच्या मागून, भिंतीपलीकडून, घरमालकाने दार उघडंच असल्याचं सांगितलं.

खोकला झाला आणि रेकॉर्डिंग संपलं. आई तशीच बसली होती, मान तिरकी करून. मग तिने डोळे पुसले.

"हा 'पण' बरोबर आहे," ती म्हणाली.

मी काकांच्या हातातून फोन घेतला. "हे माझ्या फोनमध्ये कसं घ्यायचं," मी त्यांना विचारलं, "तेवढं दाखवा."